शाल्मलीचं उत्तर

शाळेच्या पटांगणात एखाद्या मुलीनं "अक्का" अशी हाक मारली की श्यामलाचे हात गार पडत. बंगळूरात राहून ही हाक चुकवायची तरी कशी? भाजीवाली अक्का म्हणते, रिक्षावाला अक्का म्हणतो. चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये भर वर्गात शिकवताना, फळ्यापाशीच ती मटकन खाली बसली, तेव्हा तिचे यजमान जयसिंगराव तिला बनशंकरीत कमला मॅडमकडे घेऊन गेले. मॅडम गोळ्या देत नसत. माणसाला बोलतं करत.

तीन महिने दर शनिवारी श्यामला कन्नडमधून बोलत राहिली. आधी शाळा, मग सासर, आणि एका शनिवारी एकदम वडिलांचं आनेकलचं शेत. नऊ वर्षांपूर्वी तिथल्या विहिरीत तिची धाकटी बहीण शाल्मली बुडाली होती.

"मी घरात लोळत वाचत होते," श्यामला म्हणाली. "भर दुपार. तिनं दोनदा हाक मारली, अक्का, अक्का. मला उठायचा कंटाळा आला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

मॅडमनी एक रिकामी खुर्ची तिच्यासमोर ओढली. "ती इथं बसलीय असं समजा. काय सांगायचं ते सांगा. मग त्या खुर्चीत बसून तिच्या वतीनं तुम्हीच उत्तर द्या."

"तिच्याशी मी मराठीच बोलायची."

"सरी, बरं, मराठीत बोला. मला नाही कळलं तरी चालेल."

श्यामलानं माफी मागितली, रडली, आणि उठून समोरच्या खुर्चीत बसली. 'मी रागावले नाही' असं काहीतरी म्हणायचं तिनं ठरवलं होतं. तोंडून निघालं ते वेगळंच.

"मी हाक मारलीच नाही गं. पाय घसरला तो थेट खाली. तोंडात पाणी, हाक कुठून मारणार? उलट मलाच हाक आली होती. शालू, शालू. तुझा आवाज. म्हणून तर मी विहिरीपाशी गेले. तू आली नाहीस ते बरं झालं."

"काय म्हणाली?" मॅडमनी हळूच विचारलं.

"हाक तिनं मारली नव्हती म्हणाली." बाकीचं श्यामलानं गिळलं.

"तुमच्याच मनानं तुम्हाला सोडवलं," मॅडम म्हणाल्या. श्यामलाला ते पटलंही. पण शालूला तिनं हाक मारली नव्हती, हे तिला पक्कं आठवत होतं.

रविवारी ती जयसिंगरावांबरोबर आनेकलला गेली. शेत कसणाऱ्या रघुजीच्या बायकोला, गोदूबाईला, तिनं विहिरीबद्दल विचारलं. गोदूबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"दुपारचं आम्ही तिकडं जात नाही. गेल्या साली सून निघाली होती, सासूबाईंनी हाक मारली म्हणत. मी तर घरात पडले होते. उंबऱ्यातच धरली तिला."

विहीर बुजवायला वडील तयार होईनात. एवढं गोड पाणी. मग श्यामलानं त्यांना सगळं सांगितलं, स्वतःच्या कंटाळ्यासकट. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ट्रॅक्टर ठरवला. दगडमाती आठ दिवस पडत होती.

त्यानंतरच्या शनिवारी श्यामलानं मॅडमना उरलेलं अर्धं उत्तर कन्नडमध्ये करून सांगितलं, गोदूबाईचं आणि विहीर बुजवल्याचंही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. या वेळी 'तुमचंच मन' असं त्या म्हणाल्या नाहीत.

"पूर्ण बुजली का?" त्यांनी विचारलं.

"काठापर्यंत. मी स्वतः उभी होते."