तळण नसलेलं घर

पाडव्याच्या संध्याकाळी मी चिंचवड स्टेशनात उतरले आणि आकुर्डीची वाट धरली. डोक्यात एकच गोष्ट होती, उद्याची भाऊबीज. मला सख्खा भाऊ नाही. शेजारच्या कौशल्याचा भाऊ चिमाजी, त्यालाच कळायला लागल्यापासून ओवाळत आले. आधी कौशल्या, मग मी, निरांजन तेच, पाटही तोच. लग्न होऊन दौंडला गेले आणि सगळ्या दिवाळ्या हुकल्या. कधी सासूबाईंचं दुखणं, कधी आमच्या ह्यांची रेल्वेची ड्यूटी. या अठ्ठावन्न सालच्या दिवाळीला मात्र मी हट्टाने आले होते. भांडून आले म्हटलं तरी चालेल.

कौशल्याच्या दारावरून जाताना हाक मारायची होती, पण दारात एकही पणती नव्हती. चाकणच्या सासरहून ही बया अजून आली नसेल, असं म्हणून मी घरी गेले.

सकाळी आईने करंज्या, शेव, अनारसे ताटात भरले, वर फडकं टाकलं आणि म्हणाली, "दौलततात्यांकडं दिऊन ये. त्येंच्याकडं औंदा तळण न्हाई."

दौलततात्या म्हणजे कौशल्याचे वडील. घरात कोणी गेलं की पुढच्या सणाला त्या चुलीवर कढई चढत नाही. शेजारपाजारचे फराळ नेऊन देतात. कोण गेलं म्हणून विचारलं, तर आई चुलीत फुंकर मारत बसली. तुझं तूच जाऊन बघ म्हणाली. तिलाच ते धड कळलेलं नव्हतं, निम्मं गाव हसतंय, एवढंच ती पुटपुटली. मरणावर कुठलं गाव हसतं? आईचा राग आला आणि भीतीही वाटली. ताट घेऊन मी निघाले.

दारात कौशल्याच उभी. कपाळावर कुंकू, हातात हिरवा चुडा, म्हणजे तिचे मालक सुखरूप. पण पूर्वीसारखी ती धावत आली नाही. "आलीस व्हय," एवढंच म्हणाली आणि ताट घ्यायला हात पुढे केले. आत तिची आई, दुर्गामावशी, चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांचंही कुंकू जागेवर, म्हणजे तात्याही ठीक. तात्या तर ओसरीवर घोंगडी टाकून समोरच बसले होते. मी पाया पडून वर पाहिलं आणि दचकले. त्यांच्या मिशा उतरवलेल्या होत्या.

मिशा उतरवतात त्या आईबापासाठी. तात्यांचे वडील मी जन्मायच्या आधीच गेले. त्यांच्या आईला नेलं तेव्हा मी तिसरीत होते, ती तिरडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. माणसाला आई एकच असते. मग आता या मिशा कुणासाठी? माझं डोकंच चालेना.

आणि चिमाजी कुठेच दिसत नव्हता. तो फाटकावर गेलाय, येईल, असं मावशी म्हणाल्या. कसलं फाटक, ते त्यांनी सांगितलं नाही. मी कौशल्याला माजघरात ओढलं आणि खरं काय ते सांग म्हणून दंडाला धरून हलवलं. ती भिंतीकडे बघत राहिली.

"म्या न्हाई सांगनार. तू बी हसशील."

लहानपणी हिने मला न सांगितलेली एक गोष्ट नव्हती. आता ही मला परक्यासारखं वागवत होती, ते मला फार लागलं. माझ्या दादाला काही झालंय का एवढं तरी बोल, असं मी रडवेली होऊन म्हणत होते, तेवढ्यात चिमाजीच दारातून आत आला. अंगात खाकी कपडे, कमरेला पट्टा, डोक्यावर टोपी. मी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि मगच रडले.

म्हणजे घरातली सगळी माणसं जिवंत होती. कुणाचं काय गेलं, हे कोडं तर आणखीच वाढलं. मला आता धीर धरवेना. मी ओसरीवर आले आणि तात्यांपुढे उभी राहिले.

"तात्या, तुमच्या घरातली समदी मानसं जित्ती हायेत. मग दुखवटा कुनाचा?"

कौशल्या उंबऱ्यात येऊन माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसते का, तेवढंच ती बघत होती.

तात्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. त्या दारातून पूर्वी थेट त्यांचं रान दिसायचं. हरभऱ्याच्या दिवसांत आम्ही तिघं तिथेच पडलेले असायचो. आता दारापासून हाकेच्या अंतरावर काटेरी तार होती आणि तारेपलीकडे कारखान्याचे सिमेंटचे खांब उभे राहत होते.

"आय गेली," तात्या म्हणाले. "काळी आय. चैतात गेली. माजा आजा, माजा बाप, समदे तिच्याच जिवावर वाढले. जलम दिलेल्या आयसाठी मिशा उतरवल्या, मग हिच्यासाठी का न्हाई? वरीस सरंपातुर ठिवनार न्हाई."

चिमाजी खाली बघत होता. नंतर त्यानेच सांगितलं की कारखान्याचं फाटक त्यांच्याच खळ्याच्या जागेवर आहे, आणि तिथे राखणीला तोच असतो. मला हसू आलं नाही.

यंदा ओवाळायचं नाही, असं कौशल्या हळूच म्हणाली. ते मला कळलं होतंच, तरी माझे डोळे भरले. तात्यांनी ते पाहिलं. माणूस पहिल्यापासून मायाळू.

"कौशीनं ववाळायचं न्हाई, ती घरातली हाय," ते म्हणाले. "तू घरातली न्हाईस, पोरी. तुला दुखवटा न्हाई. तू ववाळ."

चिमाजी तर लगेच पाट घेऊन बसलासुद्धा, टोपी नीट करून. मावशींनी निरांजन लावून माझ्या हातात दिलं. ज्यासाठी दौंडहून भांडून आले, ते समोर होतं. पण तात्यांचा तो 'घरातली न्हाईस' शब्द मनातून जाईना. कौशल्या भिंतीला पाठ लावून उभी होती, पाहुणी उभी राहते तशी.

मी निरांजन खाली ठेवलं.

"मला बी दुखवटा हाय, तात्या," म्हटलं, आणि जाऊन कौशल्याला खेटून उभी राहिले.

तिने माझा हात धरला. चिमाजीने टोपी काढून तिनेच तोंड पुसलं. तात्यांनी घोंगडीवर सरकून जागा केली, आणि मावशींनी आईचं ताट सगळ्यांच्या मध्ये ठेवलं. दुखवट्याच्या घरासाठी केलेली करंजी मी त्या घरातली होऊन खाल्ली.

एरवी शेजारचं ताट कुणी रिकामं परत करत नाही. दुखवट्याच्या घरातून मात्र ते रिकामंच येतं. मी ते घेऊन घरी आले तेव्हा आई चकलीला बसली होती. तू तिथं काही खाल्लंस का, ते तर त्यांच्यासाठी होतं, असं तिने विचारलं.

"आपल्यासाठीच व्हतं," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या ताटाकडे पाहिलं. चुलीवर तेलाची कढई होती, ती तिने खाली उतरवली.