बाबांचं चुकलेलं माप

बाबा सुतार. एकदा टेप लावली की दुसऱ्यांदा लावायची नाही, हा त्यांचा ताठा. आमच्या धाकटीच्या पायाचं मापही त्यांनी एकदाच घेतलं होतं.

तिच्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, गाठ निघाली होती. हाडाचा कॅन्सर. डॉक्टरीणबाईंनी क्रम सांगितला: आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो. बाबांना तो काही केल्या पटेना. कीड दिसते आहे तर कापून काढा, तिला पोसत कशाला बसायचं, असं त्यांचं म्हणणं. मी जीवशास्त्र शिकलेली. मी सांगून पाहिलं की गाठीतल्या काही पेशी रक्तातून फुप्फुसापर्यंत गेलेल्या असू शकतात. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या. औषध त्यांनाही गाठतं, आणि गाठ आवळली तर पाय वाचवणं सोपं जातं. वर शहाणपणा केला, की तुम्हीसुद्धा कपाटाला आधी वाळवीचं औषध मारता.

"माझ्या कपाटाला उलट्या होत नाहीत," बाबा म्हणाले.

त्यांनी परस्पर दुसरा सर्जन गाठला होता. तो लगेच कापायला तयार होता. पुढची केमो चुकवून धाकटीला तिकडे न्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, तरी ते हलले नाहीत.

ऑपरेशननंतर पाय ठेवायला म्हणून त्यांनी केमोच्या आधी घेतलेल्या मापाने लाकडाची एक पन्हळ केली, आत मऊ अस्तर लावून. धाकटीने विचारलं, पायाला पलंग केलात, मग माझं काय? तिने पाय आत ठेवला. गुडघ्याच्या वर, दुखऱ्या बाजूला, दोन बोटं जातील एवढी फट राहिली.

"माप चुकलं," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हातारे झालात, बाबा," धाकटी म्हणाली. तिच्या डोक्यावर एक केस नव्हता.

त्यांनी टेप काढली. मी म्हटलं, केमोने धाकटी सगळीच वाळली आहे, दुसराही पाय मोजा. जोडीतली दुसरी बाजू मोजल्याशिवाय बाबा लाकूड कापत नाहीत, त्यामुळे पन्हळीच्या खाली पेन्सिलीने दोन्ही पायांचे जुने आकडे होतेच. चांगला पाय जेमतेम बारीक झाला होता. दुखरा पुष्कळच उतरला होता.

बाबा खाली बसले. मी सांगून टाकलं की सूज उतरली म्हणजे औषध लागू पडल्याचा पुरावा झाला असं नाही. औषधाने गाठ किती मेली ते ऑपरेशननंतरच, काढलेला तुकडा तपासून कळतं. आईने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. बाबांनी मात्र मान हलवली, फोन उचलला आणि त्या सर्जनला येत नसल्याचं कळवलं.

मग त्यांनी फटीत फोमची पट्टी बसवली, पण गोंद न लावता, नुसतीच.

"चिकटवत का नाही?" आईने विचारलं.

"पुढच्या केमोनंतर परत मोजू," बाबा म्हणाले.