निळा किती ठेवायचा

"हे माह्ये घरचे नाई."

देवकाबाईंनी फ्रेम काउंटरवर उताणी ठेवली. सुरेंद्रने पाहिलं. तिचा नवरा मुखरूच होता. आधारकार्डावरून काढलेला, सदऱ्याच्या जागी कोट, कपाळाला टिळा. गोंडपिपरीत मेलेल्या माणसाला फोटोत कोट सुरेंद्रच घालायचा, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर.

"चेहरा त्यायचाच आहे ना, बाई?"

"चेहरा हाय. पन बुडाल्यावर तयाच्या पान्यातून काढलं तवा असे होते." तिने फ्रेम त्याच्याकडे सरकवली. "मले घरातले पाह्यजेत. उद्या तेरवी हाय. लोकायनं यायलेच हात जोडाव का?"

सुरेंद्रने फ्रेम उजेडात नेली. ओठ निळे. कानाच्या पाळ्या निळ्या. पडद्यावर मात्र हाच चेहरा कावीळ झाल्यासारखा पिवळा होता; म्हणून तर त्याने निळा वाढवला होता.

शाई.

शाई नवीन होती. शाईवाल्याला शिव्या घालूनच बदललेली.

मॉनिटरची सेटिंग.

निळा आधीच टोकाला नेलेला. त्याने सगळं पूर्वीसारखं केलं. पांढरं पान हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं झालं.

"तुह्ये डोये त नाई गेले, भाऊ?"

"आता तेच राह्यले तपासाचे."

केबल.

त्याने मॉनिटरमागची वायर उपसली. बारीक पिनांच्या रांगेत एक आडवी पडली होती; निळा पडद्यापर्यंत पोचतच नव्हता. दिवाळीच्या साफसफाईत टेबल भिंतीला रेटलं होतं, तेव्हाच दबली असणार. चिमट्याने सरळ केली, वायर खोचली. पडदा उजळला. पांढरं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात मुखरू पाण्याचा रंग घेऊन वर आला.

देवकाबाईंनी पदर तोंडात धरला.

दिवाळीपासून. दिवाळीपासून जे जे गेले ते सगळे. कोणी तक्रार केली नव्हती. उलट, बुढा गोरा दिसते म्हणून लोक खूश झाले होते.

सुरेंद्रने निळा उतरवला. "बस?"

"आनखी. काये होते ते."

"फोटोत कोनी काया मानूस ठेवत नाई, बाई."

"म्या ठेवला ना घरात, इतके सालं."

तिने आपलं मोकळं मनगट पडद्याला लावलं. "यापरिस जरासे काये."

तो त्या काळ्या मनगटाकडे बघत रंग उतरवत गेला. तिने हात काढून घेतला, तेव्हा थांबला.

नवा फोटो फ्रेममध्ये बसला. देवकाबाईंनी तो छातीशी धरला. "चला जी," ती फोटोला म्हणाली आणि पायरी उतरली.

सुरेंद्रने शटर अर्धं ओढलं आणि दिवाळीनंतरचे फोटो उघडले. निळा. निळी. निळा. मग बापूजी.

स्वतःच्या बापाला कोट घालताना त्याने नजर चेहऱ्यावर टिकू दिली नव्हती. भिंतीवर लावल्यावरही कधी मान वर केली नव्हती. आता पाहिलं. ते गारठले होते.

दिवेलागणीला तो नवा फोटो घेऊन घरी गेला. शकुबाई स्टुलावर चढून बापूजींच्या फ्रेमभोवती लोकरीची शाल लपेटत होती.

"माय, हे काऊन?"

"रोजच करतो. रातच्यानं त्यायले हिव वाजते. ओठ पाह्य ना, कसे निये पडले."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुले काय सांगू? तू त तिकडे पाह्यतच नाई."

त्याने तिला हात देऊन उतरवलं, फ्रेम काढली, फोटो बदलला. शकुबाई खूप वेळ बघत राहिली.

"बरे झाले," ताप उतरलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं ती म्हणाली.

सुरेंद्रने जुना फोटो उचलला. "हा देतो फेकून."

तिने तो त्याच्या हातून घेतला.

"असे उघडे?" ती म्हणाली, आणि बाजेवर शाल पसरू लागली.