रात्रीपुरती जागा

जरा थांबता का? मी बोलतेय, ही चिंचेखालची मेटॅडोर. गाव साखरा, तालुका सेनगाव. माझ्या काचेवर 'नागनाथ प्रसन्न' लिहिलेलं होतं. त्यातलं 'नागनाथ' आणि 'प्र' पावसापाण्यानं गेलं आणि 'सन्न' तेवढं राहिलं. गावातली लेकरं मला त्याच नावानं हाक मारतात. मला राग येत नाही.

तरुणपणी मी पुसेगावाहून हिंगोलीला उतारू न्यायची. माणसं, कोंबड्या, हळदीची पोती, सगळं माझ्या पोटात. माझा धनी ग्यानबा मला फार हळू चालवायचा. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "घाई असंल तं उतरून पळत जा. हिंगोलीत भेटू."

पुढं काळ्यापिवळ्या जीपा आल्या आणि माझे उतारू त्यांच्याकडं गेले. त्याच सुमाराला ग्यानबाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून शकुबाईनं नवस बोलला.

शकुबाई ही त्याची बायको. मोठी उपासाची बाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काहीच चुकायचं नाही. ग्यानबा तिला विचारायचा, "तुझा जेवायचा वार कोन्ता, तेवढा सांगून ठिव." त्या दिवशी मात्र ती देवाला म्हणाली, "महादेवा, ह्यांला उठीव. तुझ्या पाची ठिकानी ह्यांला घिऊन येते. माझ्याच हातचं रांधून खाऊ, अन् परक्या छपराखाली मी पाठ टेकनार न्हाई."

ग्यानबा उठला. आणि त्या नवसापायी मी घर झाले.

माझी बाकडी काढून फळ्यांची बाज ठोकली. स्टोव्ह आला, पाण्याचं पिंप आलं, जुन्या लुगड्याचा पडदा आला. डोंगरकड्याला दिलेली लेक पुनम बघायला आली आणि हसून म्हणाली, "माय, तुजा संसार तं चाकावर चढला!"

औंढ्याचा नागनाथ झाला, परळी झाली, वेरूळ झालं. गावोगाव मुक्कामाची कधी अडचण पडली नाही. कुठं शाळेचं पटांगण, कुठं देवळाचं आवार. कुणीतरी येऊन विचारायचंच, "कुठले पाव्हणे?" मग शकुबाई तिच्या माहेरची रीत पाळायची. पळसाच्या पानावर चिमूटभर भात, हळदकुंकू आणि पिठाचा दिवा माझ्या चाकापुढं ठेवायची. ज्या जागेवर पाठ टेकायची तिच्या धन्याला, तिथल्या देवाला, आधी घास द्यायचा, मग आपण जेवायचं.

मग नाशिक आलं. सकाळी सोमवार धरून त्र्यंबकाला जायचं होतं. दिवेलागण झाली की गाडी चालवायची नाही, असं ग्यानबाला डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच्या कपाळावर घाम होता. त्याला आडवं व्हायला हवं होतं, एवढंच.

नदीच्या घाटावर पोलिसाची शिट्टी वाजली, "गाडी पुढे घ्या." पेट्रोलपंपावर नको म्हणाले. एका धर्मशाळेत खोली होती, पण माझ्यासाठी आवार नव्हतं.

"तुमी खोलीत जाऊन पडा," शकुबाई काकुळतीनं म्हणाली. "नवस माझा हाय. तुमचा न्हाई."

"अन् तू गाडीत एकली? लोक म्हनतेन, म्हातारं खाट बघून पळालं." तो हसला. हसताना त्याचा हात छातीवर गेलेला मी पाहिला. ती पाण्याची बाटली शोधत होती.

शेवटी एका गल्लीत, इमारतीच्या भिंतीलगत मी उभी राहिले. ग्यानबा बाजेवर पडला. शकुबाईनं पान मांडलं, दिवा लावला, हात जोडले.

तेवढ्यात फाटकातून एक तरुण बाई बाहेर आली. पल्लवी तिचं नाव. कडेवरचं लेकरू तापानं लाल झालेलं. पान दिसताच ती किंचाळली, "काका! अहो, बघा, आमच्या दारात कुणीतरी उतारा टाकलाय!"

काका म्हणजे इमारतीचा कारभार बघणारे किसनराव. त्यांच्यामागून आणखी चारजण आले. "काय हो, करणी करता का इथं?"

"न्हाई वो भाऊ. जागंच्या धन्याचा घास हाय त्यो. आमच्यात असंच करतेत."

"जागेचे धनी आम्ही आहोत. आम्हाला विचारलंत?"

शकुबाई खाली वाकली, पानावरचा कुंकू लागलेला भात उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. "बघा. वाईट असतं तं मी खाल्लं असतं का? बाई, तुज्या लेकराला काही व्हनार न्हाई."

पल्लवीची नजर खाली गेली. किसनराव मात्र म्हणाले, "ते ठीक आहे. पण गाडी काढा."

"ह्यांला बरं न्हाई, भाऊ. घडीभर पडू द्या."

"आधी गाडी काढा."

ग्यानबा उठला. "चल, पुनमच्या माय. भांडू नको." त्यानं मला सुरू केलं. माझ्या स्टिअरिंगच्या चक्रावर त्याचे हात ओले लागत होते. मी गाडी; मला रुसून बंद पडता आलं असतं. पण धन्याची आज्ञा मोडायची सवय मला नव्हती.

भाजीबाजाराच्या मागं एक राखणदार भेटला, भीमसिंग. त्यानं कंदील वर करून आत पाहिलं आणि म्हणाला, "लगा लो, चाचा. यहाँ कोई नहीं बोलेगा."

ग्यानबानं किल्ली फिरवली. "मिळाली बग जागा," तो म्हणाला.

शकुबाईनं मागं स्टोव्ह पेटवला. भाकरी थापता थापता ती बोलत होती. सकाळी कुंडावर न्हायचं, बेल घ्यायचा, पुनमला फोन करायचा. भाकरी टम्म फुगली. तिनं हाक मारली, "भाकर झाली वो. या."

माझ्या चक्रावर टेकलेलं त्याचं डोकं उचललं गेलं नाही.

त्र्यंबक आणि भीमाशंकर राहूनच गेले. ग्यानबाचे दिवस झाल्यावर पुनम रडत म्हणाली, "माय, कशाला केला गं असला नवस?" शकुबाईनं पदरानं तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "देवानं वरीसभर वाढवून दिलं व्हतं. मलाच पुरलं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "त्या लेकराचा ताप उतरला असंल का गं?"

आता माझी चाकं मातीत रुतलीत. बाजेखाली कुत्री विते. भंगारवाला दोनदा येऊन गेला. शकुबाईनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. तिनं माझ्या दाराला कुलूप लावलेलं नाही. मध्यंतरी पाल ठोकायला जागा न मिळालेलं एक मेंढरंवाल्याचं जोडपं माझ्यात झोपलं. अंधार पडायच्या आत शकुबाई झुणका-भाकर घेऊन आली. नाव, गाव, जात, काही विचारलं नाही.

तुम्हीही कधी सांजेला साखऱ्यावरून जात असाल आणि पाठ टेकायला कुठं जागा मिळाली नसेल, तर चिंचेखाली या. मी कुठं नेऊ शकत नाही, पण आडवं व्हायला फळी आहे. म्हातारी काठी टेकत येईल, भाकर ठेवील आणि त्या जोडप्याला म्हणाली तेच तुम्हाला म्हणेल :

"झोपा निवांत. हितून कुनी उठवनार न्हाई."