मंजय्या अज्जांचे हरवलेले ठिपके

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कर्नाटकातल्या पुत्तूरच्या बसस्थानकासमोर वारिजाक्कांच्या स्टुडिओत मी बारा वर्षे राबलो. कॅमेऱ्यातले मोठे, लख्ख चित्र लहान करून डीव्हीडीवर उतरवायचे, हे माझे काम. लग्नाच्या डीव्हीडी लोक मिठाईसारख्या वाटत, माझे कौतुक करत, आणि मी फुशारून जाई.

एका मे महिन्यात म्हातारे कलावंत मंजय्या शेरिगार अज्जा यांचा यक्षगान या नृत्यनाट्यातला शेवटचा प्रयोग झाला. राक्षसाचे सोंग रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तांदळाचे पीठ आणि चुना कालवून ते काडीने चेहऱ्यावर एकेक ठिपका बसवत. तीन तास लागत. आता हात थरथरू लागला होता, म्हणून वारिजाक्कांनी रंगभूषा आणि प्रयोग, सगळे नव्या कॅमेऱ्याने टिपले. अज्जांच्या गावच्या शाळेतल्या मुली ते पाहून शिकणार होत्या. शाळेकडे एक टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर, एवढेच होते.

लग्नसराई होती. अक्कांनी घाईघाईत सहा तासांचे चित्रण एकाच तबकडीवर कोंबले. मीही मुकाट्याने करून दिले.

दोन दिवसांनी अज्जा तबकडी घेऊन आले. आवाज चढवला नाही.

"वारिजा, तोंड माझंच आहे. पण ठिपके कुठे गेले?"

अक्कांनी लावून पाहिले. ठिपक्यांच्या जागी पांढरा लगदा, आणि मान हलली की कडांना कंगव्यासारखे दाते.

"चार ठिपके पुसट झाले तर कोण बघतंय, अज्जा?" अक्का ओशाळून म्हणाल्या.

"त्या पोरी बघतील. त्यांना वाटेल, म्हातारा तोंडाला पीठ फासून नाचला."

मला फार लाज वाटली. सुदैवाने अक्कांनी मूळ चित्रण पुसले नव्हते. त्यांनी बाकीच्या गिऱ्हाइकांना परवा यायला सांगितले, अज्जांसाठी ताक मागवले आणि काम पहिल्यापासून सुरू केले. तो कॅमेरा प्रत्येक चित्र दोन भागांत टिपत असे, चित्राची एक आडवी ओळ ह्या भागात, पुढची त्यात. मागच्या खेपेला ते भाग न सांधताच मी चित्र आखडले होते. आता अक्कांनी आधी सांधून घेतले, मगच लहान केले. एकदा मी सारे नुसते पाहत गेलो, बारकावा कुठे आहे ते हेरले. दुसऱ्यांदा उतरवताना तिथे जास्त जागा दिली. तासाला एक, अशा सहा तबकड्या झाल्या. दोन दिवस मी तव्यासारखा तापलो होतो, पण मजेत होतो.

शाळेत नव्या तबकड्या लावल्यावर काय झाले ते अक्कांनी परत आल्यावर हसत हसत सांगितले. अज्जा उठून टीव्हीपाशी गेले आणि बोट लावून ठिपके मोजू लागले. सगळे जागेवर होते. तेवढ्यात प्रफुल्ला नावाच्या मुलीने विचारले, "अज्जा, ही ओळ वाकडी का?"

"हात थरथरला गं," अज्जा म्हणाले. "तू सरळ काढ."

सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्याने अज्जाच हसले.

आता माझ्या जागी नवा संगणक आहे. माझ्यावर कॅमेऱ्याच्या पिशव्या ठेवतात. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचा तरी चेहरा, कुणाची तरी कला चित्रणात साठलेली असेल. ती लहान करताना घाई करू नका, मूळ चित्रण कधी पुसू नका. आणि कुणाला देण्याआधी, ज्याचे चित्रण आहे त्याला शेजारी बसवून एकदा पाहा.