भिंतीपलीकडची थाप

टक, टक. भिंतीवर चमचा वाजला आणि घरातली शांतता मोडली. खारूताईने तोंडातला घास तसाच धरला आणि ती माझ्याकडे बघायला लागली. चार वर्षांची माझी लेक. जेवणही कुरतडून करते, म्हणून खारूताई.

ही शेजारच्या आजींची हाक: पाठव पोरीला. एरवी मी लगेच उलट वाजवायचे. आज हात उचलवेना.

आजी आमच्यातल्या नव्हेत. भाषा वेगळी, देव वेगळा. मी दवाखान्यात ड्युटीला गेले की पोर त्यांच्याकडे. त्या न विचारता तिला न्हाऊ घालायच्या, वेणी घालायच्या. "अगदी स्वतःची असल्यासारखं करतात हो," मी कौतुकाने सांगत सुटायचे.

परवा पोर चेंडूमागे रस्त्यावर धावली. गाडी कचकन थांबली. आजींनी तिला ओढलं, खाडकन थोबाडीत दिली, आणि तिला पोटाशी धरून तिथेच फुटपाथवर बसून रडल्या. मी कोपऱ्यावरून येत होते. पळत गेले तर गालावर बोटं उठलेली.

"त्या लोकांत असंच असतं," नवरा म्हणाला.

"हो ना, त्या लोकांत," मीही म्हटलं. इतके दिवस माया केली ती आजींची एकटीची होती. थप्पड मात्र त्यांच्या सगळ्या लोकांची झाली.

नवऱ्याने घरमालकीणबाईंच्या कानावर घातलं. आज सकाळी त्या दारात हजर.

"मी कधीपासून म्हणतेय, असले भाडेकरू नकोतच. मुलांवर हात टाकतात म्हणजे काय! तू नुसती हो म्हण गं, महिनाअखेर तिला खोली सोडायला लावते."

"संध्याकाळी सांगते," एवढंच माझ्या तोंडून निघालं. खारूताई माझा पदर धरून उभी होती.

टक, टक. पुन्हा, जरा हळू.

"आई, वाजव ना."

"आधी ताट संपव. आणि दूध सांडू नकोस आजही."

काल सांडलं तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला होता. दमले होते, बस.

तिने दुधाचा पेला दोन्ही हातांनी जपून बाजूला सरकवला. चमचा माझ्यापुढे धरला.

"आई, काल तूपण मारलंस ना मला? मग मालकीणबाई तुलापण खोली सोडायला लावणार?"