मणका संपेपर्यंत

लिंबू.

कंबर आली की हात उचलायचा.

दारावरची पाटी: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. पाटीखाली कुणीतरी पेनानं: मग काय करता?

कोडोलीची एस्टी आज उशिरा आली.

काळं म्हणजे पाणी, पांढरं म्हणजे हाड. उरलेलं सगळं करडं, आणि ते वाचायला शिकण्यात वर्षं जातात.

कपाळावर जोतिबाचा गुलाल. पोटावर थंडगार जेली.

पावणं, चपला बाहेर.

—

आता जोडून घेऊ.

गुलाल संयोगिताच्या कपाळावर आहे. कोडोलीची, पाचवा महिना, घरी दोन मुली. कोपऱ्यातल्या स्टुलावर तिची सासू चिमणाबाई. पोटावर प्रोब धरलेला हात अंतराचा. ती स्त्रीरोगशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी शिकते आहे. तिच्या मागे, हाताची घडी घालून, डॉक्टर उदयसिंह. ते शिकवतात आणि चांगलं शिकवतात.

हात उचलायचा, हे कुठल्याही पुस्तकात नाही. तो या खोलीचा रिवाज आहे. डोकं बघायचं, हृदयाचे चार कप्पे मोजायचे, पोट, मूत्रपिंडं, मग मानेपासून मणका धरून खाली यायचं, माळेचे मणी ओढावेत तसं. कंबर आली की हात उचलायचा. कारण खाली मांड्या असतात, आणि मांड्यांच्या मध्ये जे असतं ते बघताना बाईच्या घरचे पडद्याकडे बघत नाहीत, डॉक्टरच्या तोंडाकडे बघतात. लिंग सांगितल्याच्या संशयावरून गावात एका डॉक्टरचं मशीन सील झालं, तो पाच वर्षं कोर्टात जात होता. तेव्हापासून सगळ्यांचे हात कंबरेशी उचलले जातात आणि रिपोर्टात मात्र छापलं जातं: मणका, नॉर्मल.

अख्खा मणका.

—

लिंबू आज दिसलं.

बाळाचं कपाळ दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखं. वर्गात याला लिंबू म्हणतात. डोक्याच्या मागचा छोटा मेंदू गोल असायला हवा, तो केळ्यासारखा वाकलेला. ही दोन फळं एकत्र दिसली की पाठीत कुठंतरी मणका उघडा आहे, असं धरून चालायचं आणि ती जागा शोधायची.

अंतरा मानेपासून निघाली. मान बरी. पाठ बरी. कंबर आली.

"हां, चित्र फ्रीज कर," उदयसिंह म्हणाले. "हात उचल."

तिनं उचलला नाही.

"अंतरा."

"मणका संपला नाही, सर."

"संपला."

"आपला संपला. बाळाचा अजून आहे."

स्टुलावर चिमणाबाई सावरून बसली.

"खाली जाऊ नकोस," उदयसिंह हळू म्हणाले. "कायदा माहीत आहे ना?"

"माहीत आहे. कायदा सांगू नको म्हणतो. बघू नको म्हणत नाही."

"तोंडाला तोंड देतेस."

"तोंड देतच नाहीये, सर. हात देतेय."

आणि प्रोब खाली सरकला.

शेवटच्या मण्यांपाशी दोन पांढऱ्या रेघा एकमेकींकडे यायला हव्या होत्या. त्या फाकल्या होत्या. मध्ये पातळ भिंतीची एक काळी फोड, कातडीच्या बाहेर. फोडीच्या अलीकडे दोन पाय. अंतरा थांबली. डावा पाय हलला. मग उजवा.

त्याच चित्रात बाकीचंही दिसलं. ते टाळता येण्यासारखं नव्हतं. ते काय होतं हे या गोष्टीत लिहिलेलं नाही.

उदयसिंह वाकले. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ बघत राहिले.

"आहे," म्हणाले.

—

"बगितलासा न्हवं?" चिमणाबाई उठून पुढं आली होती. "मग सांगा की."

"मावशी, बसा. वेगळं सांगायचंय."

"वेगळं मागनं सांगा. आदी त्ये सांगा. खालच्या अंगाला जाऊन एवढा वेळ काय देव बघत हुता व्हय?"

अंतरानं संयोगिताकडं तोंड फिरवलं. "ताई, बाळाच्या पाठीत, अगदी खाली, मणका नीट मिटलेला नाही. तिथं एक फोड आलीय. पाय हलताहेत, हे चांगलं आहे."

संयोगितानं छताकडं बघत विचारलं, "चालंल का त्ये?"

"खालच्या बाजूला आहे, म्हणून बहुतेक चालेल. लघवी-संडासचा त्रास राहू शकतो. डोक्यात पाणी साठलं तर त्याचंही ऑपरेशन लागू शकतं. मी खात्री देत नाही."

"विलाज?"

"पुण्यात बाळांचे सर्जन आहेत. बाळंतपण तिथं करायचं, जन्मल्यावर लगेच पाठीचं ऑपरेशन. त्याआधी त्यांना दाखवायचं. नको वाटलं तर गर्भपातही करता येतो. त्याला कायदा आड येत नाही."

"थांबा," चिमणाबाई म्हणाली. "ह्यात इचार करायसारखं काय न्हाई. पोरगा असंल तर पुण्याला न्हेऊ, मुंबईला न्हेऊ, कंबर मोडंस्तवर खपू. न्हाईतर हितंच मोकळी करा तिला. म्हणून म्हंते, आदी त्ये सांगा."



शब्द दोन होते. एका शब्दानं बाळ पुण्याला गेलं असतं, दुसऱ्यानं गेलं नसतं. दोन्हींतला कुठला खरा, हे अंतराला ठाऊक होतं. खरा सांगावा की खोटा, असाही प्रश्न तिला क्षणभर पडला, आणि त्या क्षणाचाच तिला राग आला.

"सांगणार नाही," ती म्हणाली.

"तोंडानं नगो. मान हलवा नुसती."

अंतरानं मान ताठ धरली.

"हसला तरी कळंल मला. आठ बाळतपणं केल्यात मी वाड्यावस्तीवर."

अंतरा हसली नाही.

"मास्क लाव," उदयसिंह मागून पुटपुटले. तिनं लावला.

"आता डोळंबी झाका म्हणावं," चिमणाबाई म्हणाली. "शिकल्याली बाई, आणि एक शबूद सुटंना. बाळाचं भलं हाय त्यात."

"मावशी, ज्याचं भलं एका शब्दावर थांबतं, त्याचं भलं मी करणार नाही. आजार सांगितला. आजार मुलालाही तेवढाच, मुलीलाही तेवढाच. त्यावर ठरवा."

"ठरवणारी तू कोण?"

"मी कुणीच नाही. तुम्हीही नाही."



चिमणाबाईनं मोबाईल काढला, लेकाला लावला, कानाला न धरता ओरडून सगळं सांगितलं. राजवीर डेअरीवर होता. मागं कॅनचे आवाज. "आई म्हणंल तसं," एवढं ऐकू आलं. चिमणाबाईनं मोबाईल सुनेपुढं धरला.

संयोगिता कोपरावर उठून बसली. पोटावरची जेली पदरानं पुसली. पुसायचा कागद अंतरानं पुढं केला होता, तो घेतला नाही.

"त्येला म्हणावं दूध घाल जा," ती म्हणाली आणि फोन बंद केला. मग अंतराला: "मोकळी व्हायचं म्हटलं तर सही कुणाची लागती?"

"तुमची."

"ह्यांची? आत्तींची?"

"फक्त तुमची."

संयोगितानं हे एकदा मनात फिरवून बघितलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा सासूकडं वळली.

"आत्ती, मी सही करायची न्हाई. पुण्याला जायचं. तुम्ही येतासा, का एकटी जाऊ?"

"अगं पण काय हाय त्ये कळल्याबिगर—"

"जल्माला आलं की कळंल. तुमास्नीबी, मलाबी. तवर गप ऱ्हावा."

"माझ्यासमोर गप ऱ्हावा म्हंतीस?"

"व्हय."

चिमणाबाई दाराशी गेली. बाहेर काढलेल्या सुनेच्या चपला पायानं आत सरकवल्या. येणार की नाही, हे बोलली नाही. बाहेर जाताना पडद्यातून मागं बघून अंतराला म्हणाली, "लई खट हायसा बाई तुमी."

—

उदयसिंहांनी रिपोर्ट स्वतः लिहिला. 'मणका, नॉर्मल' आपोआप छापून येत होतं, ते त्यांना दोनदा खोडावं लागलं. पुण्याच्या सर्जनचा नंबर हातानं लिहून दिला.

"बाहेर गेल्यावर ती म्हातारी गावभर सांगेल, आत खालचं बघतात," ते म्हणाले.

"सांगू दे."

"धाड पडली तर मशीन माझ्या नावावर आहे. तुझ्या नाही."

"कायद्याचा फॉर्म भरलेला आहे, सर. जे बघितलं त्याचं चित्र आहे. जे सांगितलं तेही लिहिलंय."

"आणि जे सांगितलं नाहीस?"

"ते कुठं लिहितात, सर?"

 पुढची बाई आत आली, इचलकरंजीची, सहावा महिना, नवरा यंत्रमागावर पाळीला. अंतरानं डोकं बघितलं. कपाळ गोल होतं. हृदय, पोट, मूत्रपिंडं. मग मानेपासून मणका धरला. कंबर आली.

उदयसिंह दाराकडं तोंड करून उभे होते.

तिनं हात उचलला नाही.

घरच्या दोन मुलींतली दुसरी झाली, तेव्हा संयोगितानं वॉर्डात पेढे वाटले होते.